लेव्होडोपाच्या गोळ्या: ११०, १२५ की २७५?

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या मेडिकलमध्ये पार्किन्सन्सवरची (कंपवातावरची) लेव्होडोपाची गोळी, म्हणजे ‘सिंडोपा’ किंवा ‘टायडोमेट’, मागितली की काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘कुठली हवी?’ तिथे ‘नेहमीचीच द्या’ असं म्हणून भागत नाही. ब्रँड तोच, पण पाकिटावरचा आकडा बदलला की औषध बदलतं.

हा आकडा म्हणजे दोन औषधांची बेरीज. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० मि.ग्रॅ. आणि कार्बिडोपा १०. १२५ (हिलाच बरेच जण ‘प्लस’ म्हणतात) म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, होतं. ते वाटेतच, पोटात आणि रक्तात होऊ नये यासाठी कार्बिडोपा असतं. वाटेत झालं तर मळमळ, उलटी आणि उठून उभं राहताना चक्कर. हे नीट अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मि.ग्रॅ. कार्बिडोपा लागतं.

आता हिशेब करा. ११० च्या तीन गोळ्या म्हणजे कार्बिडोपा फक्त ३०. प्लसच्या तीन म्हणजे ७५. लेव्होडोपा दोन्हीकडे ३००च. ‘गोळी सोसत नाही’ म्हणून औषध सोडून देणाऱ्यांपैकी कित्येकांना लेव्होडोपा नाही, कार्बिडोपाची तूट नडलेली असते. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यासाठी आमचं मत सरळ प्लसच्या बाजूने. ११० वाईट नाही. पुरेसं कार्बिडोपा आधीच पोटात जात असेल आणि थोडा लेव्होडोपा वाढवायचा असेल तेव्हा ती कामाची. २७५ जुन्या रुग्णांची गोळी. ती अर्धी केली तर १२५ लेव्होडोपा आणि फक्त साडेबारा कार्बिडोपा मिळतं, म्हणजे अर्धी २७५ आणि एक १२५ या सारख्या नाहीत. आकड्याच्या खेळात ही चूक सहज होते. त्याच १०० आणि २५ मध्ये सावकाश विरघळणारी सीआर गोळीही मिळते. ती चावू नये, कुटून देऊ नये. तिच्यातला लेव्होडोपा साध्या गोळीच्या मानाने सुमारे ७० टक्केच अंगी लागतो आणि असर उशिरा सुरू होतो. म्हणून सकाळच्या पहिल्या डोसला नुसत्या सीआरवर विसंबणाऱ्यांचा पाय लवकर सुटत नाही.

मुलं परदेशात असलेल्या घरांमध्ये वेगळाच घोळ होतो. अमेरिकेत कार्बिडोपा आधी लिहितात: तिथली ‘२५-१००’ म्हणजे आपली प्लस, ‘२५-२५०’ म्हणजे २७५. ब्रिटनमधून आलेल्या ‘मॅडोपार १२५’मध्ये लेव्होडोपा १०० असला तरी जोडीला कार्बिडोपा नसून बेन्सेराझाइड असतं, त्याला अमेरिकेत मान्यताच नाही. अमेरिकेतली ‘रायटरी’ ही कॅप्सूल तर एकास एक बदलताच येत नाही. तिच्यावर ९५ लिहिलं असलं तरी ती आपल्या १०० च्या गोळीची बदली नव्हे. बॅगेतून आलेलं औषध न्यूरॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

आपल्याकडची एक सवय मात्र खरोखर घातक आहे. मळमळ झाली की मेटोक्लोप्रामाइड, चक्कर आली की स्टेमेटिल किंवा सिनारिझिन, ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल आणि लेव्होसल्पिराइडची जोडगोळी. पॅन्टोप्राझोल सोडून ही सगळी औषधं डोपामिनचा रस्ता अडवतात. ताठरपणा वाढतो, मग लेव्होडोपाचा डोस वाढतो, मग पुन्हा मळमळ. लेव्होसल्पिराइड अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये विकलंच जात नाही, त्यामुळे तिकडच्या माहितीपत्रकांमध्ये त्याची सूचना सापडणार नाही. ॲसिडिटीच्या पाकिटामागचे घटक वाचा. मळमळीवर डोम्पेरिडोन त्या मानाने बरं, पण हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. कंपासाठी स्वस्त म्हणून वर्षानुवर्षं चालू राहणारी पॅसिटेनही सत्तरीच्या पुढे विस्मरण, भ्रम, बद्धकोष्ठ आणि लघवी अडणं वाढवते. ती कमी करायची तर हळूहळू आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. उसळ, पनीर, दही, अंडं यांतली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. सहाला गोळी, पावणेसातला चहा-पोहे, असं बसवलं की फरक दिसतो. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा. लघवी किंवा घाम गडद झाला तर घाबरू नका, तो औषधाचाच रंग.

खरेदीबद्दल: सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत महिन्याचा साठा एकदम घेतला तर सवलत मिळू शकते. जनऔषधी केंद्रात ब्रँड नव्हे, घटक आणि मि.ग्रॅ. सांगा. ‘तीच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून बदली गोळी मिळाली तर काउंटरवरच दोन्ही आकडे ताडून पाहा. बेरीज नाही, दोन्ही आकडे. काष्ठौषधींच्या दुकानातल्या कवचबीजाच्या (खाजकुइलीच्या बियांच्या) चूर्णात लेव्होडोपा असतो, पण कार्बिडोपा नसतं आणि प्रमाण दर खेपेला वेगळं. चालू गोळ्यांवर ते परस्पर घेतलं तर अंगाच्या अनावर हालचाली वाढू शकतात. पार्किन्सन्स मित्रमंडळ या आधारगटातल्या शुभंकरांनीही (काळजी घेणाऱ्यांनीही) शुभार्थींच्या (रुग्णांच्या) गोळ्यांबरोबर हे चूर्ण चालू आहे का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

घरात किमान पंधरा दिवसांचा साठा हवाच, कारण ही गोळी अचानक बंद पडली तर तीव्र ताप, ताठरपणा आणि बेशुद्धीपर्यंत मजल जाऊ शकते. पावसाळ्यात मात्र आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरू नका. ओलाव्याने लेव्होडोपा काळवंडतो. कात्रीने पाकिटाचे तुकडे करा आणि गोळी घ्यायच्या वेळी फोडा.