पाणी न निचरणारा डिशवॉशर : पंप बदलण्याआधी हे बघा

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला डिशवॉशर आता उन्हाळ्याला लागलाय, म्हणून लिहितेय. धुण्याबद्दल तक्रार नाही. कुकर, स्टीलच्या कढया, तुपाचे डबे लख्ख निघतात. प्लॅस्टिकचे पांढरे डबे तेवढे पिवळे पडतात, पण सांगलीत राहून हळदीची तक्रार कुणाकडे करायची? बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे मशीनचं मीठ संपू देत नाही, नाहीतर काचेच्या ग्लासांवर पांढरट डाग राहतात.

खरा ताप झाला तो पाण्याचा. थंडी सुरू झाली आणि धुणं संपल्यावर तळाशी गढूळ, तेलकट पाणी साचायला लागलं. जाळीखाली थोडं स्वच्छ पाणी राहतंच, त्याने घाबरू नका. ते जाळीच्या वर आलं, वास मारायला लागलं, की समजायचं कुठंतरी तुंबलंय. सर्व्हिसवाल्याने मशीन उघडलंही नाही. 'पंप गेलाय, नवीन टाकावा लागेल,' म्हणाला. पण पाणी काढायच्या वेळी पंपाची घरघर मला स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत होती. गेलेला पंप असा घरघरतो का? त्याला चहा पाजून परत पाठवला.

प्लग काढून पाणी वाटीने उपसलं, उरलेलं स्पंजने टिपलं. गोल जाळी फिरवून काढली, तर अक्खा मसूरच्या साली आणि तेलाचा चिकट थर. जाळी धुतली, तरी पाणी जैसे थे. मग खालच्या खड्ड्यातलं पंपाचं झाकण काढलं. आत छोटा पंखा असतो. तो बोटाने फिरवल्यावर अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आत चुंबक असतं, म्हणून तसंच व्हायचं. अजिबात हलला नाही, तर बी किंवा काचेची कपची अडकलेली असते, तेव्हा हातमोजा घालूनच हात घाला. आमचा पंखा मोकळा होता.

दुखणं निघालं मागे. सुताराने कपाट बसवताना मशीन भिंतीकडे रेटलेलं, त्यात निचऱ्याचा पाइप चेपलेला. त्यात तो बेसिनखालच्या पाइपला जोडलेला, आणि तिथे थंडीने थिजलेल्या तुपातेलाचा गोळा. दोन्ही मोकळं केल्यावर पाणी सुसाट गेलं. प्लंबरकडून पाइपला बेसिनच्या तळाजवळ उंच वळसा देऊन क्लिपने बांधून घेतला, नाहीतर बेसिनमधलं खरकटं पाणी उलटं मशीनमध्ये येतं. ही उंची किती चालते ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त मागे पाइपला हात जाईल एवढी जागा सुताराकडून आधीच सोडवून घ्या.