नोकरी, कलाशिक्षण आणि गोव्यातले घर: निर्णय घेणाऱ्यांसाठी तुलना

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील किंवा पुणे-बंगळूरमधील नोकरी सोडून गावी साधेपणाने राहावे आणि चित्रकला किंवा गायन नीट शिकावे, असा विचार गोव्यातील अनेक नोकरदार गांभीर्याने करतात. या निर्णयात केवळ पगाराचा हिशेब मांडणे अपुरे आहे.

नोकरीची खरी किंमत तिच्यासोबत येणाऱ्या संरक्षणात आहे. भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 12 टक्के रक्कम कर्मचाऱ्याकडून जमा होते आणि मालकही आपला वाटा भरतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, साधारणपणे सलग 5 वर्षांची सेवा लागते. आणि कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्यानंतर सहसा संपतो. त्यामुळे स्वतंत्र विमा आधी घ्यावा, कारण आधीपासून असलेल्या आजारांना विम्याचे संरक्षण मिळण्यापूर्वी प्रतीक्षा काळ असतो. मात्र रात्रीच्या बैठका आणि सुट्टीतले फोन रियाझाला लागणारी ताजी सकाळ हिरावून घेतात, आणि ती कोणत्याही पगारवाढीने परत मिळत नाही.

पणजीतील आल्तिनो येथील गोवा कला महाविद्यालय 1972 मध्ये सुरू झाले. तेथील चार वर्षांची पदवी पूर्णवेळ असल्याने नोकरी सांभाळून ती करणे व्यवहार्य नाही. उपयोजित कला निवडणाऱ्याने हेही जाणावे की जाहिरात आणि डिझाइन क्षेत्रात कामाच्या मुदतींचा तोच ताण पुन्हा भेटतो. चित्रकलेत मोकळीक अधिक, पण उत्पन्न अनिश्चित. गायनाची वाट मला अधिक लवचीक वाटते, कारण कांपाल येथील कला अकादमीत किंवा गावातील जाणत्या गुरूंकडे नोकरी न सोडताही शिकण्यास आरंभ करता येतो. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिकांची कारकीर्द गोव्याबाहेर घडली. आज निदान पायाभूत शिक्षणासाठी घर सोडण्याची सक्ती नाही, ही मोठीच सोय आहे.

साधे राहणे गोव्यात आपोआप स्वस्त पडत नाही. बार्देश आणि तिसवाडीतील घरभाडे बचत झपाट्याने संपवू शकते, तर फोंडा, डिचोली किंवा सत्तरीत वडिलोपार्जित घर असलेल्याचा हिशेब पूर्णपणे वेगळा असतो. तेथेही संध्याकाळनंतर बसगाड्या विरळ होत असल्याने वाहनाचा खर्च धरावाच लागतो.

माझे मत असे आहे की स्वतःचे घर, फिटलेले कर्ज आणि शिक्षणाच्या सर्व वर्षांची तरतूद असेल, तर पूर्णवेळ कलाशिक्षण घेण्यास कचरू नये. भाडे आणि हप्ते दोन्ही चालू असतील, तर गोव्यात बदली किंवा कमी तासांचे काम मागून सकाळी गुरूंकडे शिकणे अधिक शहाणपणाचे आहे. आणि तक्रार केवळ वरिष्ठांच्या जाचाची असेल, तर आधी नोकरी बदलून पाहावी, कारण चार वर्षांचे शिक्षण कलेच्या ओढीवरच निभावते.