ग्योटो की जिओकेर?

कृष्णविवराजवळ प्रकाश कसा वळतो हे संगणकावर काढायचं, तर माझ्या मते आधी ही दोन सॉफ्टवेअर पाहावीत: डेक्स्टर आणि अ‍ॅगोल यांचं 2009 मधलं जिओकेर, आणि 2011 मध्ये पॅरिस वेधशाळेतून आलेलं ग्योटो.

जिओकेरची मेख गणितात आहे. फिरत्या कृष्णविवराभोवतीच्या अवकाशकाळाच्या भूमितीत, म्हणजे केर भूमितीत, ऊर्जा आणि कोनीय संवेगासोबत कार्टर स्थिरांक ही तिसरी राशीही किरणाच्या वाटेवर बदलत नाही. त्यामुळे समीकरणं एकमेकांपासून सुटी होतात, उत्तर इलिप्टिक इंटिग्रल या ठरावीक प्रकारच्या सूत्रांत मिळतं आणि किरणावरचा हवा तो बिंदू थेट काढता येतो. पण भूमिती फक्त केर, आणि मार्ग फक्त प्रकाशाचे. शिवाय ते फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत आहे, ज्यांना तिची धास्ती आहे त्यांनी जपून!

ग्योटो सी प्लस प्लसमध्ये आहे. ते निरीक्षकापासून मागे जात एकेक पाऊल टाकत किरण काढतं. वेळ लागतो, पण वस्तुमान असलेले कणही चालतात, आणि संख्यात्मक पद्धतीने काढलेली भूमितीही. दृश्य एक्सएमएल फाइलीत लिहायचं; पायथनमधूनही चालवता येतं. बोसॉन ताऱ्यांवर (बोसॉन कणांचे काल्पनिक तारे, ज्यांची भूमिती संख्यात्मक पद्धतीनेच काढतात) काम असेल तर दुसरा विचारच नको. केरपुरतंच काम असेल तर मी जिओकेर घेईन.

ग्योटो वापरणार असाल तर एक चाचणी जरूर करा. कृष्णविवराचा स्पिन (स्वतःभोवती फिरणं) शून्य ठेवून किरणाचं आघात अंतर, म्हणजे न वळता सरळ गेला असता तर तो केंद्रापासून जितक्या दूरून गेला असता ते अंतर, 5.196 जीएम/सी² च्या अगदी जवळ न्या (जी गुरुत्व स्थिरांक, एम कृष्णविवराचं वस्तुमान, सी प्रकाशाचा वेग). किरण 3 जीएम/सी² त्रिज्येभोवती घिरट्या घालू लागतो, आणि अचूकतेची मर्यादा ढिली असेल तर आत पडायचा तो बाहेर निसटू शकतो.