हर्णैच्या दमट हवेत बिटकॉइनचा नोड: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पतसंस्थांच्या वह्या तपासणे हा माझा व्यवसाय आहे. दुसऱ्याने काढलेली शिल्लक स्वतः बेरीज केल्याशिवाय मान्य करायची नाही, ही सवय या कामातून अंगी लागली. त्यामुळे थोडे बिटकॉइन बाळगायचे ठरवले, तेव्हा ॲपच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवणे मला जमेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी हर्णैच्या घरी स्वतःचा नोड सुरू केला. एक संपूर्ण पावसाळा आणि आंब्याचे दोन हंगाम त्याने पाहिले. कोकण किनाऱ्यावर हा खटाटोप करू इच्छिणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण इंटरनेटवर मिळणारी मार्गदर्शने अखंड वीज आणि कोरडी हवा गृहीत धरून लिहिलेली असतात.

नोड म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करते, कारण घरी येणारा प्रत्येकजण “यातून महिन्याला किती सुटतात?” असे विचारतो. काहीही सुटत नाही. नाणी मिळवण्याचे काम, म्हणजे मायनिंग, वेगळे असते आणि त्याची यंत्रेही वेगळी असतात. नोड ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून, म्हणजे व्यवहारांच्या पहिल्या गठ्ठ्यापासून, आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार उतरवून घेतो, नियमांशी ताडून पाहतो आणि साधारण दर दहा मिनिटांनी येणारा नवा ब्लॉक त्याच कसोटीवर घासतो. नाणी ठरलेल्यापेक्षा जास्त तर छापली नाहीत ना, आपल्याला आलेली रक्कम खरोखर आली का, या प्रश्नांचे उत्तर कुणालाही न विचारता मिळते. दुसरा लाभ खासगीपणाचा आहे. पाकिटाचे, म्हणजे नाणी पाहण्याचे आणि पाठवण्याचे, ॲप दुसऱ्याच्या सर्व्हरला जोडले, तर आपले सगळे पत्ते (नाणी जमा होणारे, खाते क्रमांकांसारखे) आणि शिल्लक त्या सर्व्हरच्या मालकाला कळू शकतात. स्वतःच्या नोडला जोडले, तर ते घरातच राहतात.

माझी मांडणी अशी होती: ८ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), यूएसबीच्या डबीत बसवलेली १ टीबीची एसएसडी, बिटकॉइन कोअर हे नोडचे सॉफ्टवेअर, आणि कामाच्या लॅपटॉपवर स्पॅरो हे पाकीट. यंत्र आणि डिस्क मिळून सुमारे सात वॅट वीज घेतात, म्हणजे महिन्याला पाच युनिटच्या आसपास. वीजबिलाच्या भीतीने कुणी थांबले असेल, तर ती भीती निराधार आहे.

पहिली उतरवणी मी पायवर न करता लॅपटॉपवर केली. त्या वेळी साखळी, म्हणजे सर्व ब्लॉक मिळून, सुमारे साडेपाचशे जीबीची होती. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर एवढे उतरवायला हिशेबाने एक दिवस पुरतो. पण खरा वेळ पडताळणीत जातो, आणि मध्ये वीज गेली ती वेगळीच, त्यामुळे मला पाच दिवस लागले. त्या काळात डीबीकॅश हे मेमरीचे मूल्य मूळच्या ४५० एमबीवरून वाढवून ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला. मग सॉफ्टवेअर नीट बंद करून संपूर्ण फोल्डर एसएसडीवर नकलून घेतला. येथे एक इशारा द्यावासा वाटतो: असा तयार फोल्डर अनोळखी माणसाकडून पेन ड्राइव्हवर घेऊ नये. त्यातील शिलकी नाण्यांची यादी, म्हणजे चेनस्टेट, सॉफ्टवेअर पुन्हा तपासत न बसता खरी मानून पुढे जाते. दुसऱ्याने भरलेली यादी घेतली, तर नोड चालवण्याचा हेतूच संपला.

मेअखेरपर्यंत सर्व काही सुरळीत होते. त्रास जूनमध्ये सुरू झाला.

ज्यांनी ३ जून २०२० चे निसर्ग वादळ दापोली तालुक्यात अनुभवले आहे, त्यांना पावसात वीज जाण्याचे नवल वाटत नाही. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून मी निर्धास्त होते. प्रत्यक्षात वीज गेल्यावर इन्व्हर्टरकडे वळण्याच्या त्या क्षणार्धात पंखा फिरत राहतो, दिवा नुसता लुकलुकतो, पण पाय मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. एका संध्याकाळी असे पाच-सहा वेळा झाले आणि शेवटच्या खेपेला चेनस्टेट बिघडल्याचा संदेश आला. ब्लॉक शाबूत होते, पण शिलकी नाण्यांची यादी पहिल्यापासून पुन्हा बांधावी लागली. रिइंडेक्स-चेनस्टेट नावाच्या या क्रियेला पायवर सहा दिवस लागले. नंतर कारण शोधले, तेव्हा माझ्याच दोन चुका आढळल्या. पहिली उतरवणी झाल्यावर डीबीकॅश पुन्हा कमी केला नव्हता, त्यामुळे डिस्कवर न उतरलेला बराच मजकूर मेमरीतच राहत होता. दुसरे म्हणजे यूएसबीची डबी अगदी स्वस्तातली होती, आणि अशा डब्या कधीकधी मजकूर लिहून होण्यापूर्वीच लिहिल्याचे कळवतात.

आमच्या वायरमनला हे सांगितले, तेव्हा त्याने इन्व्हर्टरची मागची बाजू पाहिली आणि म्हणाला, “वहिनी, नवा घेऊ नका. याचं बटण इकोवर आहे, ते यूपीएसवर करा.” त्या एका बटणाने बंद पडण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. उरलेल्यासाठी राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घेतला आणि पायलाही तसाच, मात्र ५ व्होल्टचा पुरेसा प्रवाह देणारा, वेगळा बसवला. एप्रिल-मेच्या संध्याकाळी दाब उतरतो, तेव्हा साधा मोबाइल चार्जर पायला पुरत नाही आणि एसएसडी मधूनच नाहीशी होते. त्यामुळे चांगला ३ अँपिअरचा ॲडॉप्टर ही चैन नसून गरज आहे.

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती मला अगदी अनपेक्षित होती. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. जुलैत दीड दिवस वीज नव्हती आणि इन्व्हर्टरही संपला. पुन्हा सुरू झाल्यावर यंत्र बंद पडतानाचीच वेळ दाखवत होते. ज्या ब्लॉकवरील वेळ आपल्या वेळेच्या दोन तासांहून अधिक पुढे असते, तो ब्लॉक नियमानुसार नोड नाकारतो. म्हणून इंटरनेटवरून घड्याळ जुळेपर्यंत माझा नोड दीड दिवसाचे खरे ब्लॉक भविष्यातले समजून परतवत होता. वेळ जुळवून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केल्यावर सर्व मार्गी लागले, पण तो अर्धा तास माझी पाचावर धारण बसली होती.

त्या अर्ध्या तासाने एक भेद मात्र मनात पक्का झाला. नोड दीड दिवस काय, दीड महिना बंद राहिला, तरी नाण्यांना काहीही होत नाही. नाणी नोडमध्ये नसतात. ती खर्च करण्याची किल्ली हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली जपणाऱ्या छोट्या स्वतंत्र यंत्रामध्ये, आणि ती किल्ली पुन्हा उभी करणाऱ्या २४ इंग्रजी शब्दांमध्ये असते. नोड म्हणजे वही, किल्ली म्हणजे सही. वही भिजली तर पुन्हा उतरवता येते. सही गेली, तर कुणाकडेही दाद मागता येत नाही.

म्हणूनच दमट हवेचा खरा धोका शब्दांना आहे. मी ते प्रथम कागदावर लिहून लोखंडी कपाटात ठेवले होते. ऑगस्टमध्ये पाहिले, तर कागदाच्या कडेला बुरशी होती आणि शाईच्या पेनाची दोन अक्षरे फुटली होती. आमच्याकडे जांभ्याच्या भिंतीतून वाळवी येते, तीही कागदाला सोडत नाही. हर्णै बंदरात होड्यांचे सामान विकणाऱ्याकडे ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची पट्टी मिळाली. खाऱ्या हवेत ३०४ प्रतीवर डाग पडतात, ३१६ टिकते, हे होडीवाल्यांना कुणी शिकवावे लागत नाही. अक्षरे कोरून घ्यायला मात्र ती कारागिराकडे दिली नाही. शब्द ज्याने पाहिले, त्याच्याकडे पैसे गेले, असेच समजावे. अक्षरे ठोकण्याच्या पंचांचा संच आणून घरीच ठोकली. हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात, तिच्यातील २,०४८ शब्द पहिल्या चार अक्षरांवरून वेगळे ओळखता येतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाची चारच अक्षरे पुरतात. तरीही शहाण्णव ठोक्यांत माझी दुपार गेली आणि मनगट दोन दिवस दुखत होते.

नंतर जे केले, ते या चौदा महिन्यांतील सर्वांत मोलाचे काम मानते. हार्डवेअर वॉलेटमधील सर्व मजकूर मुद्दाम पुसून पट्टीवरून ते पुन्हा उभे करून पाहिले. यंत्राने शब्द नाकारले, कारण एका शब्दात ‘एन’ऐवजी ‘एम’ ठोकला गेला होता आणि त्यातून यादीतलाच दुसरा शब्द तयार झाला होता. शेवटच्या शब्दात पडताळणीचे आठ बिट दडलेले असतात, म्हणून चूक उघडी पडली. तरीही २५६ पैकी एक चूक या चाळणीतून निसटू शकते, त्यामुळे शब्द स्वीकारले गेले एवढ्यावर समाधान मानू नये. ‘बीसी१क्यू’ने सुरू होणारा पहिला पत्ता पूर्वीच्याच पत्त्याशी अक्षरशः ताडून पाहावा. त्या वेळी पाकिटात नावापुरतीच रक्कम होती आणि जुना कागद अजून वाचता येत होता. ही तालीम मोठी रक्कम हलवण्यापूर्वी करायची असते.

शब्दांवर आणखी एक गुप्त वाक्यांश लावण्याची सोय असते. मी ती वापरली नाही. त्यात एका अक्षराची चूक झाली, तरी यंत्र तक्रार न करता दुसरेच रिकामे पाकीट उघडते. माझ्या पश्चात मुलीला ते उघडावे लागले, तर पैसे गेले असेच तिला वाटेल. तीनपैकी दोन सह्यांची पद्धत अधिक सुरक्षित आहे, हे मान्य आहे. पण त्यात तिन्ही पाकिटांच्या सार्वजनिक किल्ल्यांची (ज्यांनी पत्ते ओळखता येतात, पण खर्च करता येत नाही) नोंदही जपावी लागते; ती नोंद आणि एक किल्ली हरवली, तर उरलेल्या दोन किल्ल्या हाती असूनही रक्कम अडकते. रक्कम मोठी असती, तर तो विचार केला असता. सध्या एक पट्टी घरी आहे, दुसरी दुसऱ्या गावी बँकेच्या लॉकरमध्ये. कोणते ॲप, कोणता पत्ता, काय करायचे आणि मुख्य म्हणजे शब्द फोनवर किंवा संगणकावर कधीही टाइप करायचे नाहीत, हे सांगणारे साध्या मराठीतले पत्र मुलीकडे आहे. पत्रात शब्द नाहीत.

नाणी एक्स्चेंजमधून, म्हणजे ती जिथे विकत घेतली त्या ऑनलाइन बाजारातून, बाहेर काढायला हवीत का, याबद्दल माझी द्विधा होती. जुलै २०२४ मध्ये देशातील एका मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांचे व्यवहार थांबले, तेव्हा ती संपली. खरेदीपूर्वी हे मात्र विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी खरेदी करता येते, पण नाणी स्वतःच्या पत्त्यावर नेता येत नाहीत.

मी सुरुवातीला दरमहा थोडी थोडी रक्कम बाहेर काढत असे. ती चूक होती. अशा प्रत्येक जमेचा स्वतंत्र तुकडा राहतो आणि खर्च करताना प्रत्येक तुकड्यामागे सुमारे ६८ व्हीबाइटची (ब्लॉकमधील जागेचे माप) जागा लागते. माझे सात तुकडे एकत्र वापरायला व्यवहाराच्या बाकीच्या मजकुरासह साडेपाचशे व्हीबाइट लागणार होते: व्हीबाइटमागे शुल्काचा दर एक सॅट (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) असेल तेव्हा साडेपाचशे सॅट, दर पन्नास असेल तेव्हा साडेसत्तावीस हजार. २० एप्रिल २०२४ रोजी मायनिंग करणाऱ्यांचे ब्लॉकमागचे बक्षीस ३.१२५ नाण्यांवर आले, त्या दिवशी दर अतोनात चढले होते. नोडमध्ये थांबलेल्या व्यवहारांची रांग स्वतः पाहता येते. ती ओसरल्यावर एका रविवारी पहाटे मी सर्व तुकडे एकत्र केले. आता तीन महिन्यांतून एकदाच काढते.

कराबाबत थोडक्यात लिहिते. विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएस कापला जातो. तोटा वळता करता येत नाही. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही, म्हणजे पाय, एसएसडी आणि पट्टी आपल्याच खिशातून. प्रत्येक खरेदीची तारीख, रुपयांतील किंमत आणि व्यवहार क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण नाणी स्वतःच्या पाकिटात आल्यावर ही नोंद ठेवणारे दुसरे कुणी नसते.

लाइटनिंगचा, म्हणजे बिटकॉइनच्या झटपट व्यवहारांसाठीच्या वेगळ्या जाळ्याचा, नोडही घरी चालवावा, असे एका स्नेह्याने सुचवले होते. मी नकार दिला. तेथे समोरच्याने जुना हिशेब पुढे केला, तर ठरावीक मुदतीत आपण हरकत घ्यावी लागते, आणि पावसाळ्यात आठवडाभर वीज नसण्याची शक्यता असलेल्या गावात ती जबाबदारी घरच्या यंत्रावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज पुन्हा सुरुवात करायची असती, तर मी पाय घेतलाच नसता. बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉप आणि त्यात एसएसडी, एवढे किनाऱ्यावर अधिक चांगले चालते, कारण त्यात यूपीएसही आला आणि घड्याळही आले. शिवाय प्रूनिंग चालू केले, तर नोड सर्व इतिहास एकदा उतरवून तपासतो आणि जुने ब्लॉक पुसत जातो. ब्लॉकांसाठी ५५० एमबीपर्यंत मर्यादा घालता येते आणि त्यावर चेनस्टेटला दहा-बारा जीबी लागतात. पडताळणीत तसूभरही उणेपणा येत नाही. केवळ जुने पाकीट नव्याने जोडायचे झाल्यास मागचे ब्लॉक पुन्हा उतरवावे लागतात. माझी साखळी आता साडेसहाशे जीबीच्या पुढे गेली आहे आणि वर्षाला ऐंशी-नव्वद जीबी वाढते, त्यामुळे १ टीबीची डिस्क आणखी तीनेक वर्षे पुरेल.

गेल्या आठवड्यात यूएसबीच्या जोडाला हिरवट कीट चढलेले दिसले, ते स्पिरिटने पुसले आणि यंत्र समुद्राकडच्या खिडकीतून आतल्या कोनाड्यात हलवले. ते चालू असते तोवर स्वतःच्या उबेने कोरडे राहते. हार्डवेअर वॉलेट मात्र बंदच पडून असते, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले आहे. पुड्या मे महिन्यात उन्हात तापवून घ्यायच्या आहेत आणि पाऊस लागण्यापूर्वी पट्टीवरून पुन्हा एकदा तालीम करायची आहे.