सेन्सर पास, रोबोटला एटीकेटी

नागपूरला आईबाबांच्या घरी सिक्युरिटी सिस्टीम बसवली, दाराखिडक्यांचे सेन्सर, मोशन सेन्सर, एक हब (सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो मुख्य डबा) आणि घरभर फिरणारा कॅमेरावाला रोबोट असा सेट. कंपनीचं नाव घेत नाही.

दाराचे सेन्सर मस्तच. चौकटीवर एक डबी, दारावर लोहचुंबक, दोघं लांब गेले की मोबाइलवर नोटिफिकेशन, सेलवर चालतं, वायरिंगची भानगड नाही. मागचं दार कोणी उघडलं ते मला ऑफिसात बसून कळतं (बहुतेक वेळा बाबाच असतात).

मोशन सेन्सरचं मात्र नागपुरात जरा अवघड आहे. तो माणूस बघत नाही, अंगाची उष्णता हलताना पकडतो, आणि मे महिन्यात बंद खोलीच ३७-३८ वर गेली की भिंत काय नि माणूस काय, त्याला फरकच कमी जाणवतो. उलट पाल अगदी त्याच्या भिंगावरून गेली तर रात्री भोंगा, शेजारचे काका काठी घेऊन हजर! कूलरसमोर तर लावूच नका.

आता रोबोट. आयडिया भारी आहे, सेन्सर वाजला की हा डॉकवरून, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या स्टँडवरून, निघून नकाशाप्रमाणे त्या खोलीत जातो आणि लाइव्ह दाखवतो. पण आमच्या स्वयंपाकघराला जुना उंबरठा आहे, चांगला दीड इंचाचा, साहेब तिथे धडकतात, मागे जातात, परत धडकतात आणि मला मोबाइलवर उंबरठ्याचा क्लोजअप. बरं पोचला तरी कॅमेरा घोट्याएवढ्या उंचीवर, चोराच्या चपला तेवढ्या ओळखता येतील. आई पोछा मारताना डॉक सरकवते, मग ह्याला घरी परतायचा रस्ता सापडत नाही. वरच्या मजल्याचा तर विषयच सोडा.

लाइन गेली की हबला बॅटरी आहे पण राउटर बंद म्हणजे नोटिफिकेशन बंद, त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर घ्याच, सिमवाला हब मिळाला तर अजून बरं. रेकॉर्डिंग क्लाउडवर, त्याचे महिन्याला वेगळे पैसे. आणि कंपनीनेच गाशा गुंडाळला तर? ॲमेझॉनने ॲस्ट्रो रोबोटचं बिझनेस व्हर्जन २०२३ मध्ये काढलं आणि २०२४ मध्ये बंद केलं, लोकांचे रोबोटच चालायचे थांबले, पैसे परत दिले म्हणा.

सेन्सरला चार स्टार, रोबोटला दीड. सर्व्हिसवाल्याला विचारलं की उंबरठ्याचं काय करायचं, तर म्हणाला फरशीवाल्याकडून रॅम्प करून घ्या.