१०×५० ची दुर्बीण: व्हेस्टा दिसला, मान मात्र आखडली

एप्रिलमध्ये घेतलेल्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीबद्दल (१०×५० म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर रुंद भिंगांची) लिहायचं राहूनच गेलं होतं. आता पाऊस लागलाय, आभाळ बंद आहे, तर लिहून टाकते. कंपनीचं आणि दुकानाचं नाव देत नाही, भांडण मिटलंय. किंमत साडेपाच हजार, वजन किलोला थोडं कमी.

घेतली ती एका लघुग्रहासाठी. २ मे २०२५ ला व्हेस्टा प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि तो जवळपास एका रेषेत, पृथ्वी मधे. अंतर साधारण १७ कोटी किलोमीटर. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी दिसणारा लघुग्रह हाच. अगदी काळोख्या रानात चांगल्या नजरेला तो नुसताही दिसावा, पण आमच्या फलटणमध्ये गल्लीच्या तोंडाशी हायमास्ट आहे, त्यामुळे दुर्बिणीशिवाय सोय नव्हती.

पहिला नग सदोष निघाला. चित्रा ताऱ्यावर रोखली तर एकाच्या दोन चित्रा, आणि दहा मिनिटांत कपाळात ठणका. दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, डोळ्यांना सवय होईल." मी दिवसभर मेडिकलच्या काउंटरवर असते. कशाची सवय होते आणि कशानं दुखणं वाढतं एवढं मला कळतं. दोन्ही नळ्यांतले प्रिझम एका रेषेत नव्हते. अकरा दिवस हुज्जत घातल्यावर बदलून मिळाली. तुम्ही घेणार असाल तर दुकानातूनच लांबच्या मोबाईल टॉवरवर रोखा आणि त्याचं टोक एकच दिसतंय ना ते बघा. खोक्यावरच्या कड्यांच्या शनीच्या चित्राकडे लक्ष देऊ नका. दहापट मोठं करून कडं वेगळं दिसत नाही.

दुसरा नग चांगला. तारे मधोमध टोकदार, कडेला जरा पसरट, या पैशात चालतं. खरी अडचण हातांची. मध्यरात्री व्हेस्टा जवळजवळ सहासष्ट अंशांवर, म्हणजे मान पूर्ण मागे. हातात धरली की ठिपके नाचतात. ट्रायपॉडसाठी एल आकाराची पट्टी साडेचारशेला घेतली ती वाया गेली, कारण इतक्या उंचावर रोखली की आयपीसखाली (डोळा लावायच्या भिंगाखाली) डोकं घालायला जागाच उरत नाही. शेवटी सासऱ्यांची आरामखुर्ची गच्चीवर चढवली. खुर्चीच्या हातांवर कोपरं टेकली आणि ठिपके शांत झाले. ही खुर्ची खोक्यात मिळत नाही, पण मी ती दुर्बिणीचाच भाग धरते.

३० एप्रिलच्या रात्री तूळ राशीत, कन्येच्या हद्दीजवळ रोखली, आणि समोर ढीगभर ठिपके. कुठला आपला? लाल जिलेटीन लावलेल्या टॉर्चच्या उजेडात वहीत नऊ ठिपके काढले. २ मेला पुन्हा तेच काढले. आठ जागच्या जागी, एक चंद्राच्या रुंदीइतका पश्चिमेला सरकलेला. तो व्हेस्टा! ताऱ्यांवरून मागे गेल्यासारखा दिसतो, कारण आपण आतल्या कक्षेतून वेगात पुढे निघतो. उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल मागे टाकते ना, तेव्हा ट्रॉली झाडांवरून उलटी गेल्यासारखी वाटते, तसं. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर, तो १९. त्याचं वर्ष आपल्या ३.६३ वर्षांचं.

आईंना (सासूबाईंना) खुर्चीत बसवलं.
"यातला कुठला गं?"
"तो, मधल्या जोडीच्या वरचा."
"आणि एवढ्यासाठी एवढे पैसे?"
तरी पाच मिनिटं उठल्या नाहीत.

ठिपक्यापेक्षा जास्त काही दिसणार नाही, हे घेतानाच मनात धरा. व्हेस्टाचा सरासरी व्यास ५२५ किलोमीटर, मुंबई-नागपूरच्या हवाई अंतरात आख्खा मावेल. आकार म्हणाल तर अंगठ्यानं जरा दाबलेल्या गोळीसारखा, ध्रुवांशी चपटा. त्याच पट्ट्यातला सेरेस त्याच्याहून खूप मोठा, पण काळपट. व्हेस्टा पडलेल्या उजेडातला ४० टक्क्यांहून जास्त परत फेकतो, म्हणून तर माझ्या साडेपाच हजारांत दिसला. स्वतःभोवती फिरायला त्याला ५ तास २० मिनिटं लागतात. मी दोन तास खुर्चीत होते तेवढ्यात तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त वळला असणार, मला पत्ता नाही.

ब्रेमेनच्या ओल्बर्सना तो १८०७ च्या मार्चमध्ये सापडला, तेव्हा त्यांनाही ठिपकाच दिसला. जवळून बघायला २०११ साली नासाचं डॉन यान गेलं आणि वर्षभर त्याच्याभोवती फिरलं. दक्षिण ध्रुवाशी धडकेनं पडलेलं ५०० किलोमीटर रुंदीचं विवर, जवळजवळ त्या लघुग्रहाएवढंच, आणि मधोमध २० किलोमीटरहून उंच डोंगर. अशा धडकांत उडालेले तुकडे आपल्याकडेही येतात. १९९६ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या पिपलिया कलानला पडलेला दगड त्याच जातीचा. अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन प्रयोगशाळेत त्यात ॲल्युमिनियम-२६ ची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या किरणोत्सारी रूपाची, खूण सापडली. त्या किरणोत्सारी उष्णतेनंच व्हेस्टाचा एवढासा गोळा आतून वितळला असावा असं मानतात. हे वाचून पुन्हा गच्चीवर गेले, तर ठिपका तोच, पण मी उगाच जास्त वेळ बघत बसले.

पट्टा घामानं मानेला चावतो, भिंगांची झाकणं सैल आहेत, एक गच्चीवरून खाली गेलंच. पाचापैकी साडेतीन.

४ मेनंतर चंद्र मोठा होत गेला, मग वळवानं घात केला. व्हेस्टा पुन्हा प्रतियुतीत येईल तो २०२६ च्या ऑक्टोबरच्या सुमारास. तोवर भिंगांना बुरशी लागू नये म्हणून दुर्बीण स्टीलच्या डब्यात ठेवलीय, सोबत दुकानातल्या रिकाम्या बाटल्यांमधल्या सिलिका जेलच्या पुड्या. या बाबतीत मेडिकलवाल्यांची चंगळ.