मायक्रो फोर थर्ड्स की एल-माउंट? सेन्सरआधी युती पाहा

कॅमेरा घेताना आधी सेन्सर ठरवायचा आणि मग ब्रँड, हा नेहमीचा क्रम. पण दोन-तीन कंपन्या मिळून चालवत असलेलं माउंट (बॉडीला लेन्स जोडण्याची पद्धत) घ्यायचं असेल तर मला हा क्रम उलटा बरा वाटतो.

सेन्सरचा हिशोब सरळ आहे. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर 17.3×13 मिमी, एल-माउंटच्या फुल फ्रेम सेन्सरच्या साधारण पाव क्षेत्रफळाचा. म्हणजे फरक दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड): छोट्या सेन्सरवर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 1600 ला दिसणारा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, फुल फ्रेमवर 6400 च्या आसपास दिसतो. कमी उजेडात हे लगेच जाणवतं, उन्हात शोधूनही सापडत नाही. वजनात मात्र बाजू उलटते. पॅनासॉनिकची छोट्या सेन्सरची 100-300 मिमी लेन्स अर्ध्या किलोची आणि दृश्य देते फुल फ्रेमवरच्या 200-600 चं. एल-माउंटवरची सिग्माची 100-400 भरते 1.1 किलोच्या वर.

माझं मत ठरलं ते ॲपर्चर रिंगवरून, म्हणजे लेन्समधून किती उजेड यावा ते ठरवणाऱ्या लेन्सवरच्या कड्यावरून. ऑलिंपस (हे कॅमेरे आता ओएम सिस्टम नावाने येतात) आणि पॅनासॉनिकने 2008 मध्ये मायक्रो फोर थर्ड्स मिळून आणलं. लेन्स एकमेकांच्या बॉडीवर बसतात, ऑटोफोकसही चालतो. पण एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर अशा मिश्र जोडीत रिंग नुसतीच फिरते असं होतं. रिंगवर 2.8 दिसतं आणि फोटो बॉडीच्या डायलवरच्या 5.6 ला निघालेला असतो. घाईत हे फार त्रासाचं आहे. हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या स्टॅबिलायझेशनचंही (आयएस) तेच: पॅनासॉनिकचं ड्युअल आयएस किंवा ऑलिंपसचं सिंक आयएस आपापल्या कंपनीच्या जोडीतच चालतं, नाहीतर लेन्स किंवा बॉडी यांपैकी एकच काम करते. ऑलिंपसच्या मेनूत त्यासाठी 'लेन्स आयएस प्रायॉरिटी' आहे. लांब टेलीला (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला) ती ऑन ठेवावी, कारण फोकल लेंथ वाढली की सेन्सरचं सरकणं अपुरं पडतं.

एल-माउंटची युती 2018 ची: लायका, पॅनासॉनिक, सिग्मा. इथे सिग्मा भागीदार आहे आणि ते वापरताना कळतं. तिच्या आय सीरीज लेन्सची रिंग पॅनासॉनिकच्या बॉडीवर नीट चालते. तिचे 1.4 आणि 2 पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीमध्ये बसून फोकल लेंथ वाढवणारे) एल-माउंटलाच मिळतात. सोनीच्या माउंटवर तीच 100-400 घेतली तर ते नाहीत, वर बर्स्टही, म्हणजे सलग फोटोंचा वेग, सेकंदाला 15 फ्रेमला अडतो. 1.4 लावल्यावर 560 मिमी मिळतात, पण ॲपर्चर एफ/9 होतं, म्हणजे उजेड कमी येतो, तेव्हा फोकस कुठल्या दिशेला न्यायचा ते थेट ओळखणाऱ्या फेज डिटेक्शनची बॉडी हवी. पॅनासॉनिकमध्ये ते 2023 च्या एस5 टू पासून आलं. आधीच्या बॉडींचा कॉन्ट्रास्ट फोकस अशा वेळी पुढे-मागे शोधत राहतो.

सिग्माची लेन्स घेताना 'डीजी' अक्षरं पाहा, ती फुल फ्रेमची. 'डीसी' छोट्या एपीएस-सी सेन्सरसाठी असते. ती लावली की फुल फ्रेम बॉडी सेन्सरचा मधलाच भाग वापरते आणि 24 मेगापिक्सेलचे जेमतेम 10 उरतात.

दिवसभर पक्ष्यांमागे पायी फिरणाऱ्याला मायक्रो फोर थर्ड्सच सोयीचं पडेल. त्याने बॉडी आणि मुख्य टेली एकाच कंपनीची घ्यावी, छोट्या प्राइम (झूम नसलेल्या लेन्स) कुणाच्याही चालतील. लेन्स मोकळेपणाने मिसळायच्या असतील तर मी एल-माउंट सुचवेन.